तबकडीची आंघोळ

आमच्या गेवराईत धूळ बाहेरून येत नाही; ती तिथलीच मूळ रहिवासी. एक एसटी गेली की तिच्यामागे अर्धा रस्ता घरात यायचा, आणि हंगामात त्यात कापसाचे तंतू. जवळच राक्षसभुवनला १७६३ साली माधवराव पेशव्यांनी निजामाला हरवले. त्या वेळचा थोडा धुरळा आबांच्या ग्रामोफोनवर अजून बसलेला होता, असे माझे प्रामाणिक मत आहे.

१९०२ साली कलकत्त्याला गौहरजानचे गाणे तबकडीवर उतरले, तेव्हापासून आपल्याकडे तबकडी पुसायचे सर्वमान्य साधन एकच : धोतराचा सोगा. आबा त्यानेच पुसत. पण १९७४ साली मला शास्त्र सुचले. विलायतेत रेकॉर्डी धुण्याचे यंत्र निघाले आहे, असे कुठेतरी वाचले होते. बातमी खरी होती. कीथ मंक्स यांचे ते यंत्र १९६९ सालचे. बीबीसीसुद्धा ते वापरी. ब्रशने पाणी आणि अल्कोहोलचे मिश्रण फिरवायचे, मग बारीक नळीने मळासकट ओढून घ्यायचे. नळीचे टोक खाचेला लागू नये म्हणून मध्ये चक्क एक दोरा! एवढ्या वर्णनातला मला परवडणारा शब्द एकच होता : अल्कोहोल. कंपाउंडरकडून बाटलीभर स्पिरिट आणले.

आबा नुकतेच गेले होते. त्यांची बालगंधर्वांची तबकडी चकचकीत करून आजीला ऐकवायची, हा बेत. कडेपासून सुरुवात केली. कापूस काळा होत गेला. केवढा मळ, म्हणून मी खूश!

तेवढ्यात दार दुरुस्तीला आलेले सुतारमामा ओरडले, "कशानं पुसायलास रे? पॉलिश कशाचं करतोत आम्ही? स्पिरिटात चपडीच विरघळवतोत की!"

जुनी ७८ फेऱ्यांची तबकडी म्हणजे लाख आणि दगडाची पूड. पळसावर, बोरीवर किडे लाख करतात, तीच. पांडवांचे लाक्षागृह आगीने गेले, आमचे स्पिरिटने. ते विलायती मिश्रण व्हायनिलसाठी. व्हायनिलची एलपी कोलंबियाने १९४८ साली बाजारात आणली. तिला स्पिरिटाचे एवढे भय नाही, फक्त घासली की वीज भरते आणि धूळ आपण होऊन बोलावते. लाखेच्या तबकडीला साधे पाणी आणि मऊ फडके पुरते. हे सगळे मला नंतर कळले. असे ज्ञान नंतरच येते, आणि तेही सुताराकडून.

तबकडी बाहेरून आत वाजते, म्हणजे पदाची सुरुवातच मी पुसून काढली होती. आजी काही बोलली नाही. संध्याकाळी म्हणाली, "लाव." मी ग्रामोफोनला चावी दिली. गेलेल्या ओळी ती स्वतःच गुणगुणली, डोळे मिटून, बेसूरच. मग हात वर करून म्हणाली, "हं, आता ठेव सुई."

पुढे ती होती तोवर ते पद आमच्याकडे असेच वाजले.