धूमकेतूभोवतीचा प्लाझ्मा : संगणकीय प्रतिरूपांची वाटचाल

धूमकेतू सूर्याजवळ आला की त्याच्या केंद्रकातील बर्फाची वाफ होते. सूर्याच्या अतिनील किरणांनी या वायूतील काही रेणू इलेक्ट्रॉन गमावून आयन बनतात आणि केंद्रकाभोवती प्लाझ्मा तयार होतो. १९५१ मध्ये लुडविग बियरमान या जर्मन शास्त्रज्ञाने धूमकेतूच्या आयनपुच्छाच्या, म्हणजे आयनांच्या शेपटीच्या, अभ्यासावरून सूर्यातून विद्युतभारित कणांचा अखंड झोत निघत असावा, असे अनुमान काढले. हाच सौर वारा. त्याच्यासोबत येणाऱ्या चुंबकीय बलरेषा धूमकेतूपाशी अडतात आणि प्रवाहातल्या खांबाला अडकलेल्या दोरीप्रमाणे त्याच्याभोवती वळतात, ही कल्पना १९५७ मध्ये स्वीडनच्या हान्नेस आल्फवेन यांनी मांडली.

१९६७ मध्ये बियरमान, ब्रोसोव्स्की आणि श्मिट यांनी या प्रवाहाचे एकमितीय गणित केले. धूमकेतूचे जड आयन मिसळल्याने सौर वारा मंदावतो आणि केंद्रकापासून दूरवर आघात तरंग उभा राहतो, असे त्यातून दिसले. १९८०च्या दशकात श्मिट आणि वेगमान यांनी त्रिमितीय प्रतिरूपे तयार केली. या सर्व प्रतिरूपांत प्लाझ्मा हा एक प्रवाही पदार्थ मानलेला होता. विद्युत क्षेत्र प्रवाहाचा वेग आणि चुंबकीय क्षेत्र यांवरूनच काढले जाई. इलेक्ट्रॉनांच्या स्वतंत्र हालचालींना त्यात जागा नव्हती.

लवकरच प्रत्यक्ष मोजमापे हाती आली. सप्टेंबर १९८५ मध्ये ‘आइस’ हे यान जियाकोबिनी-झिनर धूमकेतूच्या पुच्छातून गेले आणि वळलेल्या बलरेषांना पुरावा मिळाला. १४ मार्च १९८६ रोजी ‘जोत्तो’ यान हॅलेच्या केंद्रकापासून सुमारे ६०० किलोमीटरवरून गेले. केंद्रकापासून सुमारे ४,७०० किलोमीटर अंतरावर त्याला चुंबकीय क्षेत्र नसलेली पोकळी आढळली.

हॅलेसारख्या मोठ्या धूमकेतूला प्रवाही प्रतिरूप बऱ्यापैकी लागू पडते. कमी वायू सोडणाऱ्या धूमकेतूजवळ मात्र ते अपुरे ठरते, कारण सौर वाऱ्यात सापडलेल्या जड आयनाच्या वर्तुळाकार मार्गाची त्रिज्या हजारो किलोमीटर, म्हणजे त्या धूमकेतूच्या प्लाझ्मा-आवरणाहूनही मोठी असू शकते. म्हणून संकरित प्रतिरूपे आली. त्यांत आयन सुटे कण म्हणून आणि इलेक्ट्रॉन वस्तुमानरहित प्रवाही म्हणून हाताळले जातात. ब्राउनश्वाइगच्या बागडोनाट आणि मोत्शमान यांनी २००२ मध्ये असे त्रिमितीय प्रतिरूप प्रसिद्ध केले.

‘रोझेटा’ यान ऑगस्ट २०१४ पासून सप्टेंबर २०१६ पर्यंत चुर्युमोव्ह-गेरासिमेंको धूमकेतूच्या सोबत राहिले. जुलै २०१५ मध्ये त्याला केंद्रकापासून सुमारे १७० किलोमीटरवर चुंबकीय पोकळी भेटली. प्रतिरूपांच्या अंदाजापेक्षा ती मोठी होती. अपेक्षेपेक्षा जास्त ऊर्जेचे इलेक्ट्रॉनही आढळले.

या जास्त ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांचा उलगडा करण्यासाठी इलेक्ट्रॉनही कण म्हणून मोजणे भाग होते. यान डेका आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये तसे पूर्ण कणाधारित प्रतिरूप मांडले. गणन आवाक्यात राहावे म्हणून अशा प्रतिरूपांत इलेक्ट्रॉनचे वस्तुमान प्रोटॉनच्या तुलनेत कृत्रिमरीत्या वाढवलेले असते. त्यांनुसार हलके इलेक्ट्रॉन जड आयनांच्या आधी बाहेर पळू पाहतात. त्यामुळे निर्माण होणारे विद्युत क्षेत्र त्यांना रोखते आणि सौर वाऱ्यातील इलेक्ट्रॉनांना केंद्रकाकडे खेचून त्यांची ऊर्जा वाढवते. हे इलेक्ट्रॉन वायूवर आदळून अतिनील प्रकाश निर्माण करतात. २०२० मध्ये रोझेटाच्या नोंदींवरून त्याची ओळख ध्रुवीय प्रकाशाचाच एक प्रकार म्हणून पटली. पूर्वीच्या प्रतिरूपांत दुय्यम ठरलेला इलेक्ट्रॉन दुबळ्या धूमकेतूभोवतीच्या घडामोडींत कळीचा घटक आहे, हे या वाटचालीतून सिद्ध झाले.