लॅपटॉप, शाळा आणि आमची मुले

मुंबई-गोवा महामार्गावरचे वडखळ आम्हा रायगडकरांना ठाऊक आहे ते नाक्यामुळे. पेणहून आलेला रस्ता येथे फुटतो. एक फाटा अलिबागकडे वळतो, दुसरा नागोठणे, कोलाड, माणगाव करीत खाली उतरतो. आखाताच्या कमाईतून घेतलेले रेडिओ, टेपरेकॉर्डर, टीव्ही याच नाक्यावरून आमच्या मोहल्ल्यांत गेले. संगणकही गेला. पण तो आमच्या मुलांच्या वर्गात कसा पोहोचला आणि पोहोचून काय झाले, हा इतिहास आम्ही कधी लिहिला नाही.

शाळेतला संगणक आपल्या देशाला नवा नाही. १९८४-८५ साली केंद्र सरकारने ‘क्लास’ नावाची योजना काढली आणि निवडक अडीचशे शाळांत बीबीसी मायक्रो ही विलायती यंत्रे दिली. कोकणातल्या सामान्य माणसाला संगणकाची खरी ओळख झाली ती २००१ नंतर, एमएस-सीआयटीमुळे. पण ते नोकरीसाठी लागणारे प्रमाणपत्र होते. पाचवी ते आठवीच्या मुलांना संगणकाचे दर्शन व्हायचे ते बहुधा कुलूपबंद खोलीत, चपला बाहेर काढून.

अशा काळात अमेरिकेतल्या एमआयटीचे निकोलस नेग्रोपोंटे यांनी २००५ मध्ये शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना जगापुढे मांडली. प्रत्येक मुलाला स्वतःचा लॅपटॉप. तो त्याने घरी न्यावा, स्वतः शोधत शिकावे. भारत सरकारने २००६ मध्ये ही योजना नाकारली. आधी वर्गखोल्या आणि शिक्षक हवेत, महागडी साधने नंतर, असे शिक्षण खात्याचे म्हणणे होते. तरीही २००७ मध्ये या लॅपटॉपचा भारतातला पहिला प्रयोग झाला तो आमच्याच जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या खैराट-धनगरवाड्यावर. जिल्हा परिषदेची मराठी शाळा, पहिली ते चौथी, शिक्षक एकच, मुले जेमतेम वीसेक. त्या मुलांच्या हातात हिरवे-पांढरे, उन्हातही पडदा वाचता येणारे लॅपटॉप आले. वडखळहून पेण-खोपोली मार्गे अर्ध्या दिवसात जाऊन येण्याइतकी ही जागा जवळ. तिथे जगाचे पाहुणे येऊन गेले आणि आमच्यापैकी कितीकांना त्याचा पत्ताही नव्हता!

त्या प्रयोगाच्या आधीच्याच वर्षी, नोव्हेंबर २००६ मध्ये, सच्चर समितीचा अहवाल आला होता. ६ ते १४ वयोगटातील सुमारे २५ टक्के मुसलमान मुले एकतर शाळेत गेलीच नव्हती किंवा मध्येच गळाली होती. हेच वय पहिली ते आठवीच्या शिक्षणाचे. म्हणजे लॅपटॉप देणारे मुलाच्या हातात यंत्र ठेवू पाहत होते, तेव्हा आमचे मूलच वर्गाबाहेर होते.

जे वर्गात होते त्यांच्यापुढे भाषेचा पेच होता. घरात कोकणी बोली, बाजारात मराठी, मदरशात अरबी, शाळा अनेक ठिकाणी उर्दू आणि संगणक इंग्रजी. उर्दूची नस्तालीक लिपी यंत्रावर चढायलाच फार काळ लागला. नूरी नस्तालीक १९८१ मध्ये आली, इनपेज १९९४ मध्ये. पण ती छापखान्याची सोय झाली. मोबाइल आणि इंटरनेटवर नीट नस्तालीक दिसू लागली ती २०१४ नंतर. उर्दू माध्यमातल्या मुलाला पडद्यावर आपल्या पुस्तकातले अक्षर दिसत नव्हते, हे त्याच्या मागे पडण्याचे एक कारण आम्ही कधी मोजलेच नाही. माध्यम उर्दू असावे की मराठी, यावर मात्र भरपूर भांडलो.

२०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ आला. लोकवर्गणीतून जिल्हा परिषद शाळा ‘डिजिटल’ होऊ लागल्या. प्रोजेक्टर आले, टॅबलेट आले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले आणि २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पुरस्कार यंत्राला मिळाला नाही, शिक्षकाला मिळाला, हे ध्यानात घ्यावे.

त्याच वर्षी परीक्षा झाली ती आपली. मार्चमध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन, मुरूड, म्हसळ्यावर आदळले. छपरे उडाली, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले, कित्येक गावे अनेक दिवस अंधारात राहिली. आणि १५ जूनपासून ऑनलाइन शाळा सुरू करण्याचा आदेश आला. वीज नाही, रेंज नाही. घरात एकच मोबाइल असेल तर तो भावाच्या हातात, बहिणीने थांबायचे. मधल्या इयत्तांतली मुलगी एकदा थांबली की पुन्हा शाळेत जाणे किती कठीण, हे आमच्या घरांना सांगायला नको.

पेरू देशात ३१९ शाळांत त्याच लॅपटॉपची तपासणी झाली. २०१२ मध्ये निष्कर्ष आला : यंत्रे पोहोचली, पण गणितात आणि भाषेत फरक पडला नाही. म्हणून यंत्र वाईट ठरत नाही. यंत्राजवळ बसून ‘हे असे का?’ म्हणून विचारणारे माणूस हवे, एवढेच त्यातून कळते.

आमच्या जमातीने मशिदी बांधल्या, कब्रस्तानांना कुंपणे घातली, आखातातून वर्गण्या आल्या. तीच जमात मदरशाच्या किंवा शाळेच्या एका खोलीत दोन संगणक, वीज गेली तर चालणारी बॅटरी आणि असरनंतर दोन तास मुलामुलींबरोबर बसणारी गावातलीच एखादी शिकलेली मुलगी, एवढी सोय करू शकते. खर्च पाहिला तर एका लग्नाच्या मंडपापेक्षा कमी. वडखळच्या नाक्यावरून यंत्रे पुढेही येत राहतील. त्यांच्याशेजारी कोणाला बसवायचे, हे आम्हीच ठरवायचे आहे.