डिस्पोजलची गाडी आणि कुरणावरचा गडी

गाडी उलटली, माणूस जायबंदी झाला आणि भरपाईचा दावा उभा राहिला, की चौकशीतला पहिला प्रश्न ठरलेला असतो : गाडी कोण चालवीत होते? दुसरा प्रश्न : तो प्यायला होता काय? कामगारांची गाऱ्हाणी घेऊन आम्ही वर्षानुवर्षे कचेऱ्यांचे जिने चढलो. परंतु ती गाडी निवडली कोणी, आणि मुळात ती कोणत्या कामासाठी बनली होती, हे विचारणारा साहेब आम्हांला क्वचितच भेटला. हा प्रश्न घेऊन आज आम्ही श्रोत्यांना जरा दूर, अमेरिकेच्या पश्चिमेकडील कुरणांवर नेणार आहोत. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. इंजिनाचे शास्त्र आम्ही गॅरेजातल्या मिस्त्र्यांकडून शिकलो आणि इतिहास सार्वजनिक वाचनालयात. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा कोणी ठेवू नये.

वायोमिंग, माँटाना, टेक्सास या मुलखात गुरांची जी अफाट कुरणे असतात त्यांना रँच म्हणतात. कुंपण मैलोगणती लांब. हिवाळ्यात बर्फातून गुरांपर्यंत गवताचे गठ्ठे पोचवायचे, मिठाचे ठोकळे टाकायचे, मोडलेले खांब उभे करायचे. साधा ट्रक तेथे चिखलात रुतला की त्याला ओढून काढण्यासाठी घोडेच आणावे लागत. अशा मुलखात 1945 साली युद्ध संपल्यावर चारही चाकांना जोर असणाऱ्या गाड्यांची वार्ता पोचली, तेव्हा रँचवाल्यांना काय वाटले असेल याची कल्पना करता येते.

त्यांत सर्वांत प्रसिद्ध ती जीप. 1940 साली अमेरिकन सैन्याने 135 कारखान्यांकडे हलक्या टेहळणी गाडीची मागणी केली. पेनसिल्व्हेनियातील बटलर गावच्या बँटम या लहानशा कंपनीने त्याच सप्टेंबरात पहिली गाडी हजर केली. परंतु मोठी कंत्राटे गेली ओहायोतील टोलीडोच्या विलीसकडे आणि फोर्डकडे. दोघांनी मिळून युद्धकाळात सहा लाखांहून अधिक जीपा बांधल्या. मूळ कल्पनेचा धनी बँटम अखेरीस ट्रेलर बनवीत बसला. कारखानदारीत असा न्याय नवा नाही.

युद्धानंतर शिल्लक माल विकण्यासाठी सरकारने 1946 साली वॉर ॲसेट्स ॲडमिनिस्ट्रेशन नावाचे खाते उभे केले. आपल्याकडे ज्याला लोक ‘डिस्पोजल’ म्हणतात तोच हा प्रकार. खोक्यात बंद असलेली कोरी जीप पन्नास डॉलरला मिळते, अशी दंतकथा तेव्हापासून पसरली आणि मासिकांतल्या जाहिरातींनी ती पुढे कित्येक वर्षे जिवंत ठेवली. प्रत्यक्षात कितीतरी गाड्या परदेशीच राहिल्या व तेथेच विकल्या गेल्या. फिलिपाइन्समध्ये लोकांनी त्यांची प्रवासी गाडी केली, तीच जीपनी. लिलावात जे हाती येई ते बहुधा युद्धात राबलेले असे.

मग निवड कशी करावी? जीप हलकी, साठ अश्वशक्तीचे इंजिन, दोन पट्ट्यांचा गिअर, कोठेही शिरेल. एकटा गडी कुंपणाची फेरी मारून येणार असेल तर तिच्यासारखी गाडी नाही. पण सैन्याच्या जीपला मागे फाळकाच नव्हता! आजारी वासरू असो की मिठाचे पोते, मागच्या पत्र्यावरून उचलूनच आत टाकायचे. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. ज्याने दिवसाला चाळीस वेळा ओझे उचलले आहे त्याच्या कमरेला विचारावे. शिवाय पेट्रोलची टाकी चालकाच्या बैठकीखाली, आणि चाक दोन तुकडे बोल्टांनी जोडून केलेले. आतली हवा न सोडता ते बोल्ट ढिले केले, तर चाकाचा तुकडा उडून माणसाचा जीव जाऊ शके. सैन्यात हे शिकविलेले असे. रँचवर कोण शिकविणार?

विलीसने 1945 साली शेतीसाठी म्हणून नवी जीप काढली. तिला फाळका दिला, गिअरबॉक्स मजबूत केला, धुऱ्याचे दातेप्रमाण 4.88 वरून 5.38 केले, म्हणजे वेग कमी पण ओढ जास्त. आणि इंजिनाची शक्ती बाहेर घेऊन दुसरे यंत्र चालविण्याची सोयही ठेवली. युद्धातली गाडी शेतावर जशीच्या तशी चालत नाही, हे तिच्या कर्त्यांनीच असे कबूल केले.

गवत वाहायचे तर डॉजची पाऊण टनी ‘वेपन्स कॅरिअर’ बरी. बसकी, रुंद, 92 अश्वशक्तीची; आणि पुढे विंच असलेली मिळाली तर अडलेल्या दुसऱ्या गाडीलाही ती ओढून काढी. तिचीच थोरली बहीण पॉवर वॅगन 1946 पासून नागरिकांना मिळू लागली आणि 1968 पर्यंत अमेरिकेत विकली गेली. जीएमसीचा सहाचाकी अडीच टनी ट्रक ओझ्याला उत्तम; मात्र त्याची पेट्रोलची भूक लहान रँचला पोसवत नसे. पुढे 1951 नंतरच्या लष्करी गाड्यांना 24 व्होल्टची, पाणी न शिरणारी विजेची यंत्रणा आली. नदी ओलांडायला ती छान. पण गावातल्या दुकानात तिचा सुटा भाग मिळेना. आमच्या संघटनेकडे एके काळी अशीच लिलावातली एक गाडी होती. ती रस्त्यावर कमी आणि मिस्त्रीच्या दारात जास्त दिसे, एवढे सांगून पुढे जातो.

यानंतरची कथा गंभीर आहे. जीपच्या जागी सैन्याने 1960 च्या सुमारास एम-151 ही नवी गाडी आणली. मागची चाके स्वतंत्र झुलणारी, त्यामुळे खडकाळ रानात चाल मऊ. परंतु भरधाव वळणावर, विशेषतः गाडी रिकामी असताना, मागचे चाक आत दुमडे आणि गाडी उलटे. सैनिक दगावले. 1970 च्या आवृत्तीत मागची रचना बदलावी लागली. तरीही ही गाडी सामान्य माणसाच्या हाती देणे धोक्याचे ठरवून लष्कराने ती अख्खी विकायचे टाळले. कापून तुकडे करून भंगारात काढली. तरी काहींनी ते तुकडे पुन्हा सांधून गाड्या उभ्या केल्या! स्वस्ताईचा मोह केवढा असतो पाहा. आणि सांधलेल्या गाडीवर बसणारा दर वेळी सांधणाराच असतो असे नाही.

आता टोलीडोकडे परत वळू. जीपचे धुरे स्पायसर कारखान्याचे, विजेचे भाग ऑटो-लाइटचे. 1934 च्या फेब्रुवारीत या दोन्ही ठिकाणी संप झाला. ऑटो-लाइटचा संप एप्रिलमध्ये पुन्हा पेटला, तेव्हा शहरातले बेकार लोक संपकऱ्यांच्या जागा घ्यायला न जाता त्यांच्या बाजूने फाटकावर उभे राहिले. 24 मे रोजी नॅशनल गार्डने गोळीबार केला. दोघे ठार झाले. जूनच्या आरंभी तडजोड झाली, संघटनेला मान्यता मिळाली. पुढे जीप बांधणारे विलीसचे कामगारही त्याच शहरात संघटित झाले. त्यांच्या पाठीशी 1935 चा वॅग्नर कायदा होता.

त्या कायद्यातून शेतमजूर वगळलेले होते व आजही आहेत. किमान वेतनाचा 1938 चा कायदा शेतमजुरांपैकी काहींना लागू व्हायला 1966 साल उजाडावे लागले. आणि तेव्हाही मोकळ्या कुरणावर गुरे राखणाऱ्या गड्याला त्याबाहेरच ठेवले गेले. टोलीडोच्या कामगाराने संघटनेचे कार्ड खिशात ठेवून जोडलेला धुरा वायोमिंगच्या बर्फात ज्याच्या हाताखाली फिरत होता, तो हाच गडी.