रूथबाईंची परसबाग आणि सरांचा एक प्रश्न

पीएचडीचा प्रस्ताव लिहिताना मी एक वाक्य अगदी ठासून लिहिलं होतं : आच्छादनामुळे भाजीपाल्याचं उत्पादन वाढतं. सरांनी त्याखाली पेनाने एवढंच लिहिलं, 'कशाच्या तुलनेत?' या प्रश्नाचं मोल मला एका परसबागेच्या इतिहासातून कळलं. तीच गोष्ट आज सांगते.

गोष्ट अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातली. रूथ स्टाउट (१८८४–१९८०) १९३० मध्ये न्यूयॉर्क सोडून नवऱ्यासोबत रेडिंग इथल्या शेतावर राहायला गेल्या. चौदा वर्षं त्यांनी चारचौघांसारखीच बाग केली : नांगरट, पेरणी, खुरपणी. १९४४ च्या वसंतात मात्र नांगरणारा वेळेवर येईना. वाट बघताना त्यांचं लक्ष ॲस्परॅगसकडे गेलं. शतावरीच्या कुळातली ही भाजी तर न नांगरताच उगवते! मग बाकीच्या भाज्यांना तरी नांगर कशाला? त्यांनी तसंच बी पेरलं आणि जमीन वाळलेल्या गवताने, पालापाचोळ्याने झाकली. पुढे नांगर लागलाच नाही. १९५५ मध्ये त्यांनी यावर पुस्तक लिहिलं. त्यांचा सल्ला साधारण आठ इंच जाडीच्या थराचा होता.

आता जरा थांबा आणि तर्क तपासा. ॲस्परॅगस बहुवर्षायू आहे, त्याची मुळं जमिनीतच असतात. मटार दरवर्षी बियांपासून येतो. म्हणजे तुलना कच्ची होती, तरी प्रयोग जमला. गृहीतक सुचायला कच्चा तर्क चालतो, सिद्ध करायला चालत नाही.

मग बाग फळली कशामुळे? नांगरट थांबली. झाकल्यामुळे ओल टिकली आणि तणांना उजेड मिळेना. गवत कुजून जमिनीत सेंद्रिय पदार्थ वाढले. नत्रासाठी रूथबाई सरकीची पेंडही टाकत. शिवाय ती चौदा वर्षं कसलेली जमीन होती. इतकी कारणं एकाच बागेत गुंतलेली असताना श्रेय कोणाला द्यायचं?

पण यात रूथबाईंची चूक नाही. त्यांचा मुख्य दावा पाठ न मोडता बाग करता येते, हा होता. त्यासाठी स्वतःची आधीची चौदा वर्षं ही तुलना पुरेशी होती. चूक माझी होती. कष्टांबद्दलचा अनुभव मी उत्पादनाचा पुरावा म्हणून वापरला होता.

उत्पादनाबद्दल बोलायचं तर चार प्रकारचे वाफे हवेत : नुसती नांगरट, नुसतं आच्छादन, दोन्ही, आणि दोन्ही नाही. बियाणं, पाणी, पेंड सगळीकडे सारखी. प्रत्येक प्रकाराचे अनेक वाफे, आणि कुठला वाफा कुठे हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. असं केलं तरच नांगर सोडल्याचा परिणाम आणि गवताचा परिणाम वेगळा काढता येतो. मी प्रस्ताव असाच पुन्हा लिहिला. मूळचं ठाम वाक्य प्रश्न झालं आणि तिथून खरं काम सुरू झालं.

आता तुमचा प्रस्ताव उघडा. त्यातलं सगळ्यात खात्रीचं वाक्य शोधा आणि त्याखाली स्वतःच लिहा : कशाच्या तुलनेत?