खडा जिना (मुंबईतील चाळी)

गिरगाव, परळ, लालबाग, दादर या भागांतील जुन्या चाळींत वरच्या माळ्यांवर नेणारा, उंच व अरुंद पायऱ्यांचा जिना, बहुधा लाकडी. ‘उभा जिना’ असेही म्हणतात.

रचना : चढ ठरतो तो पायरीची उंची आणि पाऊल ठेवायची रुंदी यांच्या प्रमाणावर. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार निवासी इमारतीत पायरी १९० मिमी.हून उंच आणि २५० मिमी.हून अरुंद नसावी. या मापाने बारा फूट उंचीचा मजला एका सरळ रेषेत चढायला सुमारे साडेपंधरा फूट लांबी लागते. तोच मजला नऊ इंच उंच व आठ इंच रुंद पायऱ्यांनी गाठला, तर दहा फुटांत काम भागते. वाचलेले साडेपाच फूट भाड्याच्या खोल्यांकडे जातात. खड्या जिन्याचे मूळ सुताराच्या हलगर्जीपणात नाही, या हिशेबात आहे. आठ इंचांवर मोठ्या माणसाचे पाऊल पुरते मावत नाही. म्हणून उतरताना पाय आडवा टाकतात, एक हात कठड्यावर ठेवतात. कठडा नसेल तिथे वरून सोडलेला दोर धरतात. वर्षानुवर्षांच्या वापराने फळी मधोमध झिजून खोलगट होते आणि पावसाळ्यात तिथेच पाय सटकतो.

शब्द : ‘जिना’ फारसीतून आला. ‘दादर’ या शब्दाचे जिना आणि लहान पूल असे दोन्ही अर्थ आढळतात. दादर हे स्थलनाम त्यावरूनच पडले, असे सांगितले जाते. बोलण्यात मात्र जिन्याच्या मापापेक्षा चढणाऱ्याची अवस्था येते : ‘जिना अंगावर येतो’, ‘आता जिना चढवत नाही’, ‘जपून उतर गं, खालची पायरी उंच आहे’. आजारी माणसाला खुर्चीत बसवून खाली आणणे, कपाट दोराने गॅलरीतून वर ओढून घेणे, हा या जिन्यांचा रोजचा जाच होता व आहे. वृद्धांचे घराबाहेर पडणेच थांबते. ही बाब कोणत्याही मापाइतकीच महत्त्वाची.

सार्वजनिक चाळी : १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट (बीआयटी) स्थापन झाला, त्याच्या चाळी याच नावाने ओळखल्या जातात. परळच्या बीआयटी चाळ क्र. १ मध्ये दुसऱ्या मजल्यावरील ५० व ५१ क्रमांकांच्या खोल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ ते १९३४ या काळात राहत होते. १९२० च्या दशकातील बीडीडी चाळी (वरळी, नायगाव, शिवडी, ना. म. जोशी मार्ग) तळमजला अधिक तीन मजल्यांच्या व काँक्रीटच्या असल्याने त्या या नोंदीच्या कक्षेबाहेर राहतात.

दुरुस्ती : १९६९ च्या कायद्याने जुन्या उपकरप्राप्त इमारतींसाठी दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ आले. दुरुस्तीत फळ्या बदलतात. जागा तेवढीच असल्याने चढ तसाच राहतो.

पुण्यातील वाडे : भिंतीच्या जाडीत बसवलेले अरुंद दगडी जिने. पाहा : वाडा.