फलटणच्या पोथ्या व कागदाची पेशीरचना

फलटणचें नांव निघतांच इतिहासाच्या अभ्यासकांस निंबाळकरांचें घराणें आठवतें. छत्रपति शिवाजी महाराजांच्या राणी सईबाई याच घराण्यांतल्या. महानुभाव वाङ्मयाच्या अभ्यासकांस मात्र तें चांगदेव राउळांचें जन्मस्थान म्हणून वंदनीय आहे. एकीकडे सनदा व वतनपत्रें, दुसरीकडे सकळ, सुंदरी इत्यादि सांकेतिक लिप्यांतील पोथ्या. अशा परंपरेंतलें म्हणून एखादें जुनें पान हातीं आलें, कीं आपण प्रथम शक पाहतों, मग अक्षराचें वळण, मग भाषा. ज्यावर तीं अक्षरें उमटलीं, त्या कागदाची जबानी मात्र सहसा घेतली जात नाहीं. ती कशी घ्यावी, एवढेंच येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

केवळ शकावर विसंबण्यांत धोका आहे. नकलकार पुष्कळदां मूळ प्रतीची समाप्ति तिच्या शकासह उतरून घेतो. मग शक एका प्रतीचा आणि कागद दुसऱ्या प्रतीचा, असा घोटाळा होतो. सांकेतिक लिपींत तर अक्षरवळणाचा नेहमींचा आधारहि तोकडा पडतो.

रॉबर्ट हूक यानें १६६५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘मायक्रोग्राफिया’ ग्रंथांत बुचाच्या पातळ कापांत दिसलेल्या कप्प्यांस ‘सेल’ हें नांव दिलें. त्यांसच आपण पेशी म्हणतों. पुढें १८३८ सालीं श्लायडेन यानें वनस्पतींविषयीं व १८३९ सालीं श्वान यानें प्राण्यांविषयीं असें प्रतिपादिलें, कीं त्यांचीं शरीरें पेशींचीं घडलेलीं आहेत. एका कार्यास लागलेल्या पेशींचा समूह ती ऊति. आपलें लेखनसाहित्य पाहूं गेल्यास तें बहुतेक वनस्पतींच्या ऊतींचेंच आहे. भूर्जपत्र म्हणजे झाडाच्या सालीचा बुचासारखा थर, अर्थात् हूकनें पाहिली त्याच जातीची ऊति. ताडपत्रांत पानाची त्वचा व शिरांतील चिवट तंतु टिकून राहतात. कागदांत मात्र ऊति कुटून सुटी केलेली असते. पेशींतला जीवद्रव्याचा अंश गेलेला, भिंती तेवढ्या उरलेल्या.

या भिंती बोलतात. कापसाचा तंतु हा बियेवरचा एकपेशी केस. तो वाळून चपटा होतो आणि फितीसारखा पीळ खातो. सण किंवा जवस यांच्या सालींतले तंतु लांब, जाड भिंतीचे व जागोजाग आडव्या खुणांचे असतात. सूचिपर्णी लांकडाच्या पेशींवर किनारदार वाटोळीं छिद्रें दिसतात. लांकूड दळून लगदा करण्याची रीत युरोपांत १८४० नंतरच्या दशकांत निघाली. म्हणून शके १६०० चा म्हणविणाऱ्या कागदांत असे लांकडी तंतु सांपडले, तर तो लेख त्या काळचा नव्हे हें उघड आहे. आयोडीननें निळी होणारी खळहि पाहावी. तांदळाचे कण बारीक व कोनयुक्त, गव्हाचे मोठे कण वाटोळे. मात्र ती खळ मागाहून केलेल्या डागडुजीची नाहीं ना, याची खात्री करावी.

ही वाट नवी नाहीं. व्हिएन्नाचे वनस्पतिशास्त्रज्ञ यूलियस वीझनर यांनीं १८८७ च्या सुमारास मिसरांतील फायूम येथील जुने कागद तपासले. प्राचीन कागद कच्च्या कापसाचे होते असा तोंवर विद्वानांचा समज होता. सूक्ष्मदर्शकाखालीं ते मुख्यतः जवसाच्या जुन्या कापडाच्या चिंध्यांचे ठरले. एका भिंगानें एक रूढ मत मोडलें.

तथापि या साक्षीची मर्यादा विसरूं नये. चिंध्यांचा हातकागद विसाव्या शतकांतहि होत होता. आणि जुन्या कोऱ्या पानावर नवें लिहिणारा लबाड कांहीं दुर्मिळ नाहीं. तंतु जुन्या जातीचे निघाले म्हणून लेख जुना ठरत नाहीं. नव्या जातीचे निघाले तर मात्र तो जुना नाहीं हें ठरतें. ही साक्ष खंडनास बळकट व मंडनास दुबळी आहे.

संग्राहकांस आमची विनंति इतकीच, कीं परीक्षेसाठीं पान कापूं नये. फाटक्या कडेवरून आपोआप सुटलेला एखादा तंतु पाण्याच्या थेंबांत कांचेवर ठेवून शंभर ते चारशे पट मोठा करून पाहिल्यास पुरतें. कोणतेंहि औषध मूळ पानास लावूं नये. पोथी बांधतांना कडा छाटून कचऱ्यांत टाकतात व झडलेले तुकडे झाडून काढतात, तेव्हां आपणच आपला साक्षीदार केरांत टाकतों. ते तुकडे लखोट्यांत घालून वर पोथीचें नांव व पानाचा अंक लिहून ठेवावा. फलटणच्या ज्या घरांत किंवा मठांत अशा पोथ्या असतील, तेथें एवढें झालें तरी पुढच्या संशोधकाचें अर्धें काम होईल. अक्षर एक वेळ खोटें बोलेल; पेशीच्या भिंतीस तें साधत नाहीं.