तोफेचा डोळा

एके काळी गोलंदाज आपले लक्ष्य स्वतः पाहून तोफ डागत असे. बोअर युद्ध (१८९९–१९०२) आणि रूस-जपान युद्ध (१९०४–०५) यांनंतर तोफा टेकड्यांआड गेल्या आणि डोळा तोफेपासून वेगळा झाला. पुढे बसलेला निरीक्षक सांगेल तेवढेच तिला दिसू लागले.

देवळालीला नवखा लेफ्टनंट म्हणून जवानांना हे शिकवताना मी सारा भर गणितावर दिला. वर्तुळाचे ६४०० मिल. एक मिल म्हणजे किलोमीटरभर अंतरावर साधारण एक मीटर. एक गोळा लक्ष्यापलीकडे, एक अलीकडे, मग फरक निम्मा करत जायचे: ४००, २००, १००, ५० मीटर. पोरांनी ते पटकन उचलले.

एकदा गोळा अलीकडच्या नाल्यात पडला. धूर दिसलाच नाही. साहेबांपुढे गप्प कसे राहायचे, म्हणून एका जवानाने ‘पलीकडे’ असे ठोकून दिले. पल्ला कमी झाला आणि पुढचा गोळा आमच्या बाजूला सरकला. लढाईत तिथे आपले पायदळ असते.

चूक माझी होती. ‘दिसला नाही’ हेही निरीक्षणच, हे मी शिकवले नव्हते. दुसऱ्या दिवशी धडा तिथूनच सुरू केला. दुपारी तोच जवान दुर्बीण न हलवता म्हणाला, ‘साब, नहीं दिखा.’